विकतचं पीक

आमच्या चर्चमध्ये हंगामाचा सण दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी येतो. वेदीच्या दोन्ही बाजूंना ऊस बांधतात. पुढच्या टेबलावर भोपळे, नारळ, केळ्यांचे फणे, मुळे, पालकाच्या जुड्या, कुणाच्या घरच्या करंज्या. यंदा पाय बांधलेला एक गावठी कोंबडाही होता. पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले की तो नेमकी बांग द्यायचा आणि शब्बाथ शाळेची पोरं ओठ दाबून गदागदा हलायची. उपासना संपली की या सगळ्याचा अंगणात लिलाव होतो. पुकारा करणारे काका रेल्वेतून निवृत्त झालेत, माइक दिला नाही तरी त्यांचा आवाज पार गेटापर्यंत जातो. चाळीसचा नारळ तीनशेला सुटतो. घेणाऱ्यालाही माहीत असतं की आपण नारळाचे पैसे देत नाही आहोत.

तर भोपळा उचलला तेव्हा त्याच्याखाली एक चिठ्ठी निघाली. वहीचा आखीव कागद, चार घड्या घातलेला. काकांनी चष्मा वर करून वाचलं, 'एका घराचं नळाचं काम. मजुरी नाही. सामान तुमचं.' एक क्षण कुणाला कळेना, मग हशा पिकला. आमच्या मंडळीत एक प्लंबर आहे, तो मागे जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता, तोही हसला. 'अरे, याला भाव काय लावायचा?' काका म्हणाले. कुणी शंभर म्हणालं, कुणी गमतीत दीडशे. शेवटी डॉकयार्ड रोडच्या चाळीत राहणाऱ्या एका आजींनी साडेतीनशेला ती चिठ्ठी घेतली, कारण त्यांच्या मोरीतला नळ पावसाळ्यापासून गळत होता. एक वार, दोन वार, तीन वार. पुढे अंड्यांचा क्रेट आला आणि लोक चिठ्ठी विसरले. चहाच्या वेळी कमिटीतले एक जण प्लंबरच्या पाठीवर हात ठेवून प्रेमानेच म्हणाले, 'पुढच्या वेळी नारळ आण बाबा. देवापुढे ठेवायचं म्हणजे कसं, वस्तू दिसायला हवी.'

त्यांचं ते 'दिसायला हवी' माझ्या डोक्यातून जाईना.

कारण त्या टेबलावर माझ्याही मेथीच्या चार जुड्या होत्या. शनिवारी संध्याकाळी ड्युटीवरून येताना भायखळ्याच्या बाजारात घेतलेल्या. कुठल्या तरी गावात कुणीतरी ती मेथी पेरली, पाणी घातलं, पहाटे उपटली, टेम्पोत घातली, आणि मी भाजीवाल्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालून ती घेतली आणि आपल्या हाताचं पहिलं फळ म्हणून देवाला वाहिली. आम्हा सगळ्यांचं तसंच. मंडळीत कुणी बँकेत, कुणी बीएसटीत, कुणी गोदीत, कुणी शाळेत, दोन-तीन वकील, नर्सेस तर ढिगाने. शेतात पाय ठेवलेला माणूस शोधून सापडायचा नाही. नगर-सोलापूरकडून आलेल्या आजोबा-पणजोबांनी हा सण गाठोड्यात बांधून मुंबईला आणला, आणि मागे राहिलेल्या शेताऐवजी आम्ही बाजार वापरतो. त्या टेबलावर स्वतःच्या हातचं असं काय होतं? करंज्या. कदाचित कोंबडा, कारण तो कल्याणच्या पुढच्या एका भावाने घरी वाढवलेला होता. आणि ती चिठ्ठी.

पहिल्या फळाची टोपली कशी आणायची हे बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात सांगितलंय. मी ते कितीदा ऐकलं असेल, पण त्या आठवड्यात परत काढून वाचलं. टोपली नुसती ठेवायची नाही. ठेवणाऱ्याने तोंडाने आपली कहाणी सांगायची: आमचा बाप भटक्या होता, तो मिसर (इजिप्त) देशात गेला, तिथे आम्हाला राबवून घेतलं, छळलं, आम्ही हाक मारली, देवाने बाहेर काढलं, आणि आता हे माझ्या जमिनीचं फळ. म्हणजे आधी वेठबिगारीचा हिशेब, मग टोपली. आमच्याकडे टोपली तेवढी उरलीय.

आमची कहाणी सांगायची तर माझ्या पणजोबांपासून सांगावी लागेल. नगर जिल्ह्यातल्या एका गावात त्यांच्याकडे महारकी होती. मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी टपाल घेऊन उन्हातान्हात पळायचं, वेशीवर उभं राहायचं, आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागायची. ते मिशनच्या शाळेच्या ओसरीवर बसले आणि ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे ते काम सोडलं. त्यावरून गावात मारामारी झाली असं घरी सांगतात. 'आहेस तिथे राहा आणि तेच काम देवाची सेवा समजून कर' असं तेव्हा कुणी त्यांना सांगितलं असतं तर मी आज परळकडच्या एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये नसते, हे नक्की. (त्यांनी धर्म बदलला म्हणून जात गेली असं मात्र कुणी समजू नये. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलतींच्या यादीतून आम्ही बाहेर आहोत, आणि गावच्या विहिरीला ते कधी कळलंच नाही.)

त्यांचा मुलगा, म्हणजे माझे आजोबा, मुंबईत येऊन छापखान्यात कंपॉझिटर, म्हणजे अक्षरं जुळवणारे, झाले. भायखळ्याच्या आसपास तेव्हा छापखान्यांची वस्तीच होती, आणि त्याची सुरुवातही मिशनपासूनच झालेली. गॉर्डन हॉल आणि त्यांचे अमेरिकन सोबती १८१३ साली मुंबईला उतरले, तीन-चार वर्षांत त्यांचा छापखाना उभा राहिला, आणि पुढे टॉमस ग्रॅहम नावाच्या माणसाने तिथे देवनागरीचे सुबक खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, पाडले. शुभवर्तमान छापायला. त्याच छापखान्यात जावजी दादाजी नावाचा एक गरीब पोरगा कामाला लागला, खिळे घासण्यापासून शिकत गेला, आणि १८६९ च्या सुमारास त्याने स्वतःचा निर्णयसागर छापखाना काढला. त्या निर्णयसागराने काय छापलं ते जुन्या लोकांना सांगायला नको: पंचांगं, पोथ्या, संस्कृत काव्यं. ग्रॅहमसाहेबाला हे कळलं असतं तर त्याने कपाळाला हात लावला असता की समाधान मानलं असतं, याचा मी पुष्कळदा विचार करते. अक्षर चांगलं पडलं होतं, एवढं खरं. ते पुढे कुणाच्या हाती गेलं आणि काय म्हणालं, हे पाडणाऱ्याच्या ताब्यात नव्हतं.

आजोबांच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं शेवटपर्यंत काळपट राहिली. खणांच्या पेटीतून खिळे उचलून हातातल्या पट्टीत लावायचे, तेही उलटे, त्यामुळे त्यांना उलटं लिहिलेलं सुलट्याइतकंच भराभर वाचता यायचं. लग्नाच्या पत्रिका घरी आल्या की आधी ती उजेडात धरायचे आणि म्हणायचे, 'काना मोडलाय.' कोण लग्न करतंय ते नंतर. त्यांच्या छापखान्यात पंचांगाचं काम यायचं, आणि एकदा मंडळीतल्या कुणीतरी त्यांना विचारलं की बाबा, विश्वासी माणसाने ही कामं करावीत का? त्या सालच्या एका मुद्रितात एकादशी एक घर खाली सरकली होती. मूळ प्रतीत बरोबर, जुळणीत चूक, आणि तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटलेली. ती आजोबांनी पकडली होती. त्यांनी उत्तर दिलं म्हणे, 'आता चुकलेली एकादशी मी तशीच सोडू का?' माझी आत्या हा किस्सा अजून थोड्या कुरबुरीनेच सांगते. मला तो आमच्या घराण्याची सगळ्यात मोठी साक्ष वाटतो, पण आत्यासमोर मी असं म्हणत नाही.

लॅबमध्ये आम्ही दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशीनची पूजा करतो. आम्ही म्हणजे ते, पण मी तिथेच असते. मोठ्या अ‍ॅनालायझरला झेंडूचं तोरण, सेंट्रिफ्यूजच्या झाकणावर हळदकुंकवाची बोटं, मायक्रोस्कोपला छोटा हार. सकाळच्या रक्त गोळा करणाऱ्या मुली साड्या नेसून येतात. आमचा सगळ्यात जुना टेक्निशियन एरवी कुणाशी धड बोलत नाही. त्या दिवशी तो मशीनसमोर डोळे मिटून हात जोडतो, आणि त्याचे ओठ हलताना दिसतात. मग पेढे. मूर्तीपुढचं खावं की न खावं यावर प्रेषित पौलाने करिंथकरांना पहिल्या पत्रात अख्खा आठवा अध्याय लिहिलाय, आणि तरीही आमच्या घरी दर वर्षी त्यावर वाद होतो. मी पेढा घेते. आत्याने घेतला नसता. पूजेनंतर टचस्क्रीनवरचं कुंकू पुसायचं काम माझ्याकडे असतं, कारण सर्व्हिस इंजिनीअर एकदा खूप ओरडला होता. ते पुसताना मला दर वर्षी थोडा हेवा वाटतो. ज्या यंत्रावर वर्षभर पोट भरलं, तेच त्यांनी देवासमोर आणलं. आम्ही आमचं काम रविवारी गेटाबाहेर ठेवून आत जातो आणि बाजारातली मेथी पुढे करतो.

पण हेवा संपतो ड्युटीचा तक्ता लागला की. 'तुमच्यात सेवा करायला लहानपणापासूनच शिकवतात ना,' हे वाक्य मी इतक्या वेळा, इतक्या गोड सुरात ऐकलंय की ते आलं की पुढे काय येणार हे कळतं. दिवाळीच्या नाइट आम्हाला, कारण आमची दिवाळी नाही. गणपतीत आम्हाला, कारण आमच्याकडे गणपती नाही. नाताळ आला की, 'तुमची उपासना सकाळीच आटपते ना? मग दुपारची घ्या.' आमच्या नर्स मैत्रिणींची तर याहून वाईट गत. हिंदी सिनेमातल्या गळ्यात क्रूस घातलेल्या सिस्टरने त्यांचं जितकं नुकसान केलंय तितकं कुणीच केलं नसेल. लोकांना वाटतं या बायकांना थकवा येत नाही, ओव्हरटाइम लागत नाही, आतूनच काहीतरी ज्योत वगैरे तेवत असते. पगाराचं बोललं की चेहरे पडतात, जणू मदर टेरेसांनी वाढ मागितली.

धार्मिक वस्तूंच्या दुकानात एक फ्रेम हमखास मिळते. कलस्सैकरांस पत्र, तिसरा अध्याय, तेविसावं वचन: जे काही करता ते माणसांसाठी म्हणून नव्हे, तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. लग्नात, गृहप्रवेशाला, नोकरी लागली की लोक हीच देतात. माझ्याकडे दोन आहेत. फ्रेममध्ये त्याच्या आधीचं वचन कधी नसतं, ते 'दासांनो' अशी हाक मारून सुरू होतं. पौल हे नोकरदारांशी बोलत नव्हता, गुलामांशी बोलत होता. ज्यांना राजीनामा देता येत नव्हता त्यांच्याशी. त्यांना तो सांगत होता की तुमचा खरा धनी वेगळा आहे, आणि ज्याला कुणीच मोबदला देत नाही त्याला तो देणार आहे. आणि लगेच चौथ्या अध्यायाचं पहिलं वचन मालकांना: दासांशी न्यायाने वागा, तुमच्याही वर धनी आहे. त्याची फ्रेम मी आजवर कुठल्याच केबिनमध्ये पाहिलेली नाही. आपल्या कामाबद्दल 'हे मी देवासाठी करतो' असं ज्याने त्याने स्वतःपुरतं म्हणावं. दुसऱ्याच्या कामाबद्दल ते म्हणायला लागलो की त्यात पणजोबांच्या गावच्या पाटलाचा आवाज मिसळतो.

एवढं सगळं मनात धरूनही मी सकाळी लॅबचं दार उघडते तेव्हा मला तिथे देव नसतो असं म्हणवत नाही. कंट्रोल लावायची वेळ माझी सगळ्यात आवडती. पेशंटचं पहिलं सॅम्पल मशीनमध्ये जाण्याआधी दोन छोट्या बाटल्या लावायच्या, एक नॉर्मल, एक अ‍ॅबनॉर्मल. त्यांची उत्तरं आधीच ठाऊक असतात. यंत्राने तीच उत्तरं दिली तरच दिवस सुरू. आलेला आकडा तक्त्यावरच्या वरच्या आणि खालच्या रेषेच्या आत हवा. बाहेर गेला तर रीजंट बघा, कॅलिब्रेशन बघा, पाणी बघा, आणि तोपर्यंत वॉर्डातून फोन येत राहतात. इथे एक चोरवाट असते, या धंद्यातल्या प्रत्येकाला ती माहीत आहे: कारण न शोधता तेच कंट्रोल पुन्हापुन्हा लावत राहायचं, कधीतरी आकडा आत येतोच, तेवढा ठेवायचा. तक्ता सुंदर दिसतो. कुणाला कळत नाही. पेशंटला तर कधीच कळणार नाही, त्याला कंट्रोल नावाची गोष्ट असते हेच माहीत नसतं.

आणि पोटॅशियमची गंमत. कधीतरी एक रिपोर्ट येतो, पोटॅशियम बारा-तेराच्या घरात आणि कॅल्शियम दोनच्याही खाली. या आकड्यांनी माणूस जिवंत राहत नाही, आणि वॉर्डात फोन केला तर कळतं की पेशंट उठून बसलाय, चहा बिस्किट खातोय. मग समजायचं: जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं रक्त कुणीतरी दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलंय. जांभळीत रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमचं मीठ असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. घाईत, रात्री, लाल ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं आणि एखाद्या दमलेल्या पोरीने वाटलं म्हणून थोडं इकडचं तिकडे केलं. अशा वेळी रिपोर्ट थांबवायचा, परत सॅम्पल मागायचं, वॉर्डातल्या शिव्या खायच्या. आकडे इतके अचाट असले की कुणीही ओळखेल. खरा घोटाळा असतो तो जेमतेम थेंबभर मिसळलेल्या रक्ताचा. पोटॅशियम साडेसहा, कॅल्शियम जरा उतरलेलं. असू शकतं. नसूही शकतं. त्या वेळी मी ट्यूब उजेडात धरून बघते आणि आजोबांचा 'काना मोडलाय' कानात येतो.

हे मी देवापुढे कसं ठेवणार? प्लंबरला चिठ्ठी लिहिता आली, कारण त्याचं काम सुटं होतं, एका घराचा एक नळ. मी काय लिहू, 'एक थांबवलेला रिपोर्ट'? बँकेतल्या काकूंनी काय लिहावं? त्यांच्यासमोर म्हातारी पेन्शनर पासबुक घेऊन तिसऱ्यांदा तेच विचारते आणि त्या तिसऱ्यांदा तेच सांगतात, याचा लिलाव कसा व्हायचा? कमिटीच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय काढला. खजिनदार म्हणाले, पावती कशाची फाडायची? आणखी एक जण म्हणाले, लोक काम कबूल करतील आणि फिरकणार नाहीत, मग भांडणं कोण सोडवणार? दोन्ही मुद्दे अगदी रास्त होते. विषय 'पुढे पाहू' या सदरात गेला, आमच्या कमिटीचं ते सगळ्यात भरलेलं सदर आहे.

त्याच महिन्यात वहिनीचा रडत फोन आला. तिचा मुलगा, माझा भाचा, ऐरोलीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, बँकांचे व्यवहार तपासणारं काहीतरी त्याची टीम बनवते. त्याने ठरवलंय की नोकरी सोडायची, पुण्याला पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत जायचं आणि पूर्णवेळ सेवेत उतरायचं. 'तू सांग त्याला, तुझं ऐकतो,' वहिनी म्हणाली. 'नोकरी करूनही देवाची सेवा होते हे तूच तर नेहमी म्हणतेस.'

तो रविवारी जेवायला आला. मी काही तयारी केली होती. पौल करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरी राहिला आणि त्यांच्याबरोबर तंबू करत होता, हे सांगायचं होतं. पण त्यानेच मला आधी गाठलं. 'आत्या, पौलाने कुठे म्हटलंय की तंबू शिवणं हीच माझी सेवा? तो म्हणाला, तुमच्यावर भार पडू नये म्हणून रात्रंदिवस राबलो. तंबू होते म्हणून उपदेश फुकट देता आला.' मला उत्तर सुचलं नाही. मग टिळकांवर गाडी आली, ख्रिस्ती झालेल्या कवी नारायण वामन टिळकांवर. मराठी ख्रिस्ती घरात असा वाद टिळकांवरून गेल्याशिवाय संपत नाही. त्यांनी १९१७ साली सोडली ती दुनियादारी नव्हती, मिशनची पगारी सेवाच होती. देवाच्या कामाचा पगार त्यांना बोचायला लागला. संन्यास घेतला, 'देवाचा दरबार' नावाचा भक्तसंघ काढला, आणि १९१९ साली इथे मुंबईतच गेले. भाच्याला त्यात धाडस दिसतं. मला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई दिसतात, ज्यांना संन्याशाच्या घरातही चूल पेटवायची होती. हे मी म्हटल्यावर तो म्हणाला, 'पण ते तर तुझ्याच बाजूचं झालं ना?' मी म्हटलं, कोणाच्या बाजूचं ते मलाही कळत नाही, कोलंबीचं कालवण गार होतंय.

जाताना चपला घालता घालता मी त्याला एकच विचारलं, राजीनामा दिलास का. दिला होता. तीन महिन्यांची नोटीस आहे. या दिवसांत लोक काय करतात हे मी आमच्याकडेही पाहिलंय. शरीराने हजर, मोबाइलवर दिवसभर. मॅनेजर काही बोलत नाही, कारण त्यानेही माणूस मनातून वजा केलेला असतो. भाचा म्हणाला की त्याने लिहिलेला एक भाग त्याच्याशिवाय टीममध्ये कुणालाच नीट कळत नाही, त्याच्यानंतर तो अडला तर महिनाअखेरीला लोकांचे पगार अडकतील. त्याची जागा घेणारी मुलगी नवीन आहे, मराठवाड्यातून आलीय, शंका विचारायला लाजते. तिला तो रोज संध्याकाळी तासभर थांबून सगळं दाखवतोय, आणि रात्री घरी बसून टिपणं लिहितोय. कंपनीने सांगितलेलं नाही.

रात्री वहिनीला फोन केला. म्हटलं, मी काही त्याला अडवलं नाही, तूही अडवू नकोस. ती चिडली. म्हणाली, तुला पाठवलं कशाला होतं मग? मी तिला त्या नवीन मुलीबद्दल आणि टिपणांबद्दल सांगायला लागले, तर ती म्हणाली, त्याचा इथे काय संबंध?